सवतीचं स्टिअरिंग

आमच्या घरात मूलबाळ नव्हतं, पण सवत होती. सवत म्हणजे पिकअप गाडी. आमच्या यांनी ती लिलावात घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पत्रा जागोजागी ठोकलेला, डाव्या दाराची कडी गायब, तिथं सुतळी बांधलेली. हे सकाळी उठून चहाच्या आधी तिचं बॉनेट उघडून बघायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का?" तर म्हणाले, "तू कुठं धूर सोडतेस?" तेव्हापासून ती माझी सवत.

पंचवटीत भाजीबाजाराजवळ आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढं चिंचेखाली थोडी मोकळी जागा, तिथं गाडी उभी असायची. ऐंशी सालानंतरचे दिवस, अंबडला नवे नवे कारखाने उभे राहत होते. सकाळी बाजारात कोबी, बटाटे, कोथिंबीर भरायची आणि अंबडच्या कँटीनांना पोचवायची, हा आमचा धंदा. मी शेजारच्या सीटवर बसून पोती मोजून घ्यायची. मग यांच्या डोक्यात आलं की हिला गाडी शिकवू. तपोवनाकडच्या मोकळ्या रानात शिकवली. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची आणि हे दोन्ही हातांनी दार धरून बसायचे, ते कडी नसलेलं दार. "अगं, स्वतःला विधवा करून घ्यायचंय का तुला?" असं ओरडायचे. ओरडले तरी लायसन काढायला हट्टानं घेऊन गेले. ऑफिसातले लोक माझ्याकडे बघत होते आणि हे मिशीत हसत होते.

तर तसंच झालं. एका उन्हाळ्यात अंबडला माल उतरवताना यांच्या छातीत कळ आली. गाडी मीच परत आणली. द्वारकेच्या चौकात मी गर्दीत अडकले तेव्हा हे डोळे मिटूनच म्हणाले, "गिअर खाली घे." हे यांचं शेवटचं बोलणं. बायका सांगतात, जाताना माणसानं देवाचं नाव घेतलं, पोराबाळांचं नाव घेतलं. माझ्या वाट्याला गिअर आला. मी गिअर खाली घेतला. दवाखान्यात पोचलो तेव्हा नुसती मीच पोचले होते.

दिवसकार्य झाल्यावर धाकटे दीर म्हणाले, गावी चला. आमचं गाव दिंडोरीकडे. दीर माणूस वाईट नाही, आजही म्हणते. त्यांना माझी खरंच काळजी होती. पण मला माहीत होतं तिथं माझं काय होणार ते. ओट्यावर बसून दुसऱ्याच्या घरातले गहू निवडायचे, जावेनं वाढलं की जेवायचं, आणि कोणी पाहुणा आला की आत जायचं. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी आहे तोवर मी आहे इथं." ते म्हणाले, "गाडी चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." त्यांना वाटलं दुःखानं डोकं फिरलंय. पण मी खरंच चालवायला लागले. सुरुवातीला बाजारात हमाल हातातलं काम टाकून बघायचे. नंतर सवय झाली त्यांना. माणसाला कशाचीही सवय होते, एक रिकाम्या घराची सोडून.

रिकामं घर म्हणजे काय, ते कणकेवरून कळतं. एका माणसाची कणीक भिजवताच येत नाही हो. कितीही कमी पीठ घेतलं तरी गोळा उरतोच. मग तो उरलेला गोळा बघायचा, दुसऱ्या दिवशी काळा पडलेला टाकायचा. मी पोळ्या करणंच सोडून दिलं. भात टाकायचा, नाहीतर बाजारातून येताना पाव आणायचा. पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला तो तसाच राहिला. संध्याकाळी गाडीत जाऊन बसायची. चालू करायची नाही, नुसती बसायची. "काय गं सवती," म्हणायची, "दोघीच उरलो." लोक बघत असतील तर बघोत.

गाडीची सगळी उठबस मी यांचं बघून बघून शिकले होते. रेडिएटरचं पाणी, इंजिनाचं ऑइल, आणि दर महिन्याला पुढच्या चाकांना ग्रीस. पुढची चाकं ज्या जाड पिनांवर डावी-उजवीकडे वळतात, त्या पिनांना बाहेरून बोंडाएवढी बारीक निपलं असतात. ग्रीसगनचं तोंड त्यावर बसवायचं आणि दांडा दाबायचा, की ग्रीस आत जातं. हे खाली आडवे व्हायचे आणि मी वर उभी राहून फडकं द्यायची. आता मीच पदर खोचून आडवी व्हायला लागले. फडकं द्यायला कोणी नव्हतं, ते पोटावर ठेवायची.

हे गेले त्या वर्षी घरात सण नव्हता. पुढच्या दसऱ्याला मात्र मी ठरवलं की सवतीचा दसरा झालाच पाहिजे. दर दसऱ्याला हे तिला रंगवायचे. वरून निळी आणि खालून, म्हणजे चाकं, ॲक्सल, सगळी हाडं, तांबडी. मग धुऊन पुसून झेंडूची माळ, आणि माझी श्रीखंड-पुरी. शेजारणीनं सुचवलं की पूजा एखाद्या सवाष्णीकडून करून घ्या. मी म्हटलं, "गाडी रोज माझ्या हातानं चालते, तेव्हा तिला विटाळ होत नाही, मग हळदीकुंकवानंच कसा होईल?" मी दोन दिवस गाडीखाली झोपून ब्रश चालवला. कुठं एक बोट जागा कोरी ठेवली नाही. हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. पुरी केली नाही, एकटीसाठी कढई कोण चढवणार? पेढा ठेवला नैवेद्याला. पण गाडी अशी दिसत होती, की मी म्हटलं, बघा, तुमच्यापेक्षा बरी रंगवली.

त्यानंतर थंडी सरता सरता स्टिअरिंग जड व्हायला लागलं.

आधी वाटलं, पोती जास्त भरलीत. मग वाटलं, हवा कमी असेल. पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा भरून घेतली, काही फरक नाही. मग रिकामी गाडी फिरवून बघितली. रिकामीसुद्धा तशीच. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. पूर्वी वळण घेऊन हात जरा सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप फिरून सरळ व्हायचं. आता वळवलं तिथंच रुसून बसायचं, परत आणायलाही तेवढीच ताकद. खांदे भरून यायचे. रात्री कूस बदलता येत नव्हती. ग्रीस तर मी नेमानं देत होते, उलट जास्तच देत होते. गनचा दांडा दाबला की तोंडाच्या बाजूनं ग्रीस भसाभसा बाहेर यायचं. मला वाटायचं, पोट भरलं मेलीचं, म्हणून ओकतीय.

द्वारकेजवळच्या मेकॅनिककडे गेले. त्यानं खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवल्यासारखं केलं आणि सांगितलं, "बाई, स्टिअरिंगचा बॉक्स गेला. ह्या गाडीचा बॉक्स आता मिळत नाही, मुंबईला भंगारात शोधावा लागेल. नाहीतर काढून टाका गाडी. आणि खरं सांगू का, राग मानू नका, हे बायकांच्या हाताचं काम नाही." मी म्हटलं, "दोन वर्षं होतं, ते आता कसं नाही?" तर तो हसून दुसऱ्या गाडीत घुसला.

पावसाळ्यात एका सकाळी तो प्रकार घडला. द्वारकेच्या चौकात भरल्या गाडीनं वळत होते. अंग सगळं स्टिअरिंगवर टाकलं तरी चाक वळेना. समोरून एक हातगाडीवाला आला. मी ब्रेक दाबला तेव्हा त्याच्या केळ्यांत आणि माझ्या बंपरमध्ये एक वीत उरली होती. गाडी चौकात आडवी, चारही बाजूंनी हॉर्न. कुणीतरी ओरडलं, "बाई आहे, बाई!" जसं काही साप निघालाय. मला उतरून एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं, पण आधी गाडी बाजूला घ्यायची होती. ह्याच चौकात हे मला गिअर खाली घे म्हणाले होते. आता काय करू, ते सांगायला शेजारची सीट रिकामी होती.

ही बातमी गावी कशी पोचली कुणास ठाऊक. दीर आले. त्यांनी गाडी चिंचेखाली मागं-पुढं केली. त्यांचा हात ट्रॅक्टरला सरावलेला, मनगट माझ्या पोटरीएवढं. उतरून म्हणाले, "वहिनी, गाडी जड नाय. तुमचं अंग हालकं झालंय. जेवता का नाय तुम्ही?" मग जमिनीकडे बघत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणत्याल. मी नाय म्हणत. पण कुणाच्या अंगावर गाडी गेली तर? दसऱ्यापर्यंत बघू. नाय जमलं तर गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, देऊन टाकू. दोन घास आम्हाला काय जड हायेत का?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? चूक त्यांच्या बोलण्यात नव्हतीच. ते गेल्यावर आरशात बघितलं. खरंच गळ्याची हाडं वर आली होती. मनात आलं, हेच खरं असेल. गाडी आहे तशीच आहे, आटले मी. त्या दिवशी मी फार रडले. यांच्यासाठी रडले नव्हते तेवढी माझ्या दंडांसाठी रडले.

पण मला एक खोड आहे. रडून झालं की भांडण सुचतं. माझ्या माहेरी जातं होतं. जातं जड फिरायला लागलं की सासुरवाशिणीला बोल लागायचा, ही आळशी आहे म्हणून. पण माझी आई आधी वरची पेड, म्हणजे वरचा दगड, उचलून बाजूला ठेवायची आणि मधली खीळ बघायची. दळणारीला बोलायच्या आधी दगड बघा, असं म्हणायची. मी म्हटलं, चला, दगड सुटे करून बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी माल टाकून आले ती यांची पान्यांची पेटी घेऊन गाडीखाली गेले. पुढचं ॲक्सल जॅकवर उचललं, खाली लाकडाचे ठोकळे दिले. चाकं अधांतरी केली. आता ओझं नाही, रस्ता नाही, तरी स्टिअरिंग जडच. मग स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा सोडवला. त्याचा नट सुटता सुटेना. हातोडीनं ठोकून, रॉकेल घालून, यांच्या नावानं दोन शिव्या घालून सोडवला एकदाचा. दांडा लोंबकळला. मी वर चढून स्टिअरिंगला हात लावला.

ते एका बोटानं फिरलं. गरगर फिरलं.

मी खाली उतरले आणि चाक दोन्ही हातांनी धरून ढकललं. हलेना. गुडघा लावला, पाठ लावली. ढिम्म. अगं बाई! म्हणजे बॉक्स चांगला होता. जड होतं ते चाकाच्या पिनेत होतं. आणि माझे हात, ते पहिले होते तसेच होते. मी तिथंच चिखलात बसून हसायला लागले. हे सांगायला कोणीतरी हवं होतं त्या क्षणी. शेजारीण दारात आली होती, तिला म्हटलं, "बॉक्स चांगला आहे!" ती म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि मुलाला हाक मारत आत गेली.

पण पिना सुकल्या कशा? ग्रीस तर मी देत होते. मग पुन्हा आडवी झाले आणि पहिल्यांदाच त्या निपलकडे नीट बघितलं. निपलच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यात मोहरीएवढी गोळी. ती गोळी आत दबली तरच ग्रीस आत शिरतं. मला भोक दिसेना, गोळी दिसेना. दिसत होता माझा तांबडा रंग, जाड, चकचकीत, टोकापर्यंत. मीच तिचं तोंड रंगानं बंद केलं होतं आणि वर म्हणत होते, ओकतीय. महिनोन् महिने ते ग्रीस बाहेरच सांडत होतं. आत थेंब गेला नव्हता.

ब्लेड घेऊन रंग खरवडायला लागले. माझा थर निघाला आणि खाली यांचे जुने थर लागले. तिथं मात्र एक गंमत दिसली. यांचा रंग निपलपर्यंत आलाच नव्हता. निपलच्या भोवती बोरभर जागा गोल सोडलेली, कडा एकदम साफ. सगळ्या निपलांना तसंच. म्हटलं, एवढं गोल कसं राखलं असेल यांनी? ब्रशनं तर होत नाही. डावीकडच्या चाकामागे, जिथं हात जेमतेम पोचतो, तिथं निपलच्या बुडाशी पांढरट काहीतरी चिकटलेलं होतं, वाळून दगड झालेलं. मला वाटलं चुना. नखानं उकरून काढलं, थुंकी लावून बोटांत चोळलं. ते हळूहळू मऊ झालं. चिकट झालं.

कणीक ओळखायला मला कोणी शिकवायला हवं होतं का?

दर दसऱ्याला, मी पुऱ्यांची कणीक भिजवत असले की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. हात रंगानं भरलेले, म्हणून आत यायचे नाहीत, उंबऱ्यापलीकडूनच ओंजळ पुढं करायचे. "जरा कणकेचा गोळा दे." मी द्यायची. मला वाटायचं गाडीपुढं कणकेचा दिवा लावत असतील. इतकी वर्षं दिला, कधी विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. रंगवायच्या आधी त्या गोळ्याच्या टोप्या करून हे निपलांवर चढवत होते. रंग वाळला की काढून टाकत होते. माझ्याच परातीतला गोळा, आणि मी मुंबईच्या भंगारापर्यंत विचार करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. ती वाळलेली कणीक माझ्याच हातची होती, यांच्या बोटानं तिथं दाबलेली. मी ती कितीतरी वेळ मुठीत धरून गाडीखाली पडून राहिले. मग पदराच्या टोकात बांधली.

निपलांत रॉकेल सोडलं. केसांतला आकडा काढून त्याच्या टोकानं गोळ्या दाबून मोकळ्या केल्या. एक काही केल्या मोकळी होईना, ते निपलच बदलून नवं बसवलं. मग चाकं अधांतरी ठेवूनच गन लावली आणि दांडा दाबला. ह्या खेपेला बाजूनं काही आलं नाही, गनच हाताला जड लागली. दाबायचं, उठायचं, चाक डावी-उजवीकडे ढकलायचं, पुन्हा दाबायचं. रोज दुपारी येऊन तेच. आधी पिनेच्या वरून गंजाची तांबूस भुकटी आली, मग काळा चिखल. शेवटी एका दुपारी वरून आणि खालून स्वच्छ पिवळं ग्रीस डोकावलं, आणि चाक माझ्या एका हातानं वळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीर आले. गिऱ्हाईक बरोबर नव्हतं, तेवढी माया त्यांनी ठेवली होती. मी म्हटलं, "भाऊजी, बसा गाडीत. तुम्हाला अंबडपर्यंत फिरवून आणते." ते कडी नसलेल्या दाराशी, यांच्या जागेवर बसले. सुतळी घट्ट धरून. मागं बटाट्याची पोती होती. द्वारकेच्या चौकात मी गिअर खाली घेतला, वळण घेतलं आणि हात सैल सोडला. स्टिअरिंग आपोआप फिरून सरळ झालं. दिरांनी ते बघितलं. सुतळीवरची मूठ सैल केली. मग म्हणाले, "काय होतं मंग?" मी म्हटलं, "ग्रीस जात नव्हतं." कणकेचं नाही सांगितलं. सांगायचं होतं, पण भर रस्त्यात गाडी चालवताना रडायची नाही मी. "मंग नाय विकायची," ते म्हणाले. उतरताना एवढंच बोलले, "जेवत जा वहिनी."

दसऱ्याच्या सकाळी भिंतीचा पोळपाट काढून धुतला. परातीत कणीक घेतली, पुऱ्यांची, घट्ट, दोघांपुरती. हात विसरले नव्हते. तांबड्या रंगाचा डबा बाहेर गाडीपाशी उघडून ठेवलेला होता. मी हात पुसले, बाहेर गेले, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहिले. मोठ्यानं म्हटलं, "जरा कणकेचा गोळा दे."

थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग आत गेले आणि मीच दिला.